विहीर ओढ्यात असल्याबाबत

मखमलाबादच्या रंगूबाई विधाते यांची विहीर गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत कोरड्या जमिनीवर होती. त्या महिन्यात विहिरीवर नवी मोटर बसवायची म्हणून त्या वीजजोडणीचा अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की त्यांची विहीर ओढ्याच्या मधोमध आहे आणि ओढ्याच्या पात्रात जोडणी देता येत नाही. रंगूबाई म्हणाल्या, ओढा विहिरीपासून चांगला शंभर पावलं लांब हाय, मधी माझा गुलाबाचा सगळा पट्टा हाय. खिडकीतल्या कारकुनानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक निळी रेषा होती आणि त्या रेषेवर विहिरीचा ठिपका होता.

"तुमच्या गुलाबासकट सगळं पाण्यात आहे, मावशी," तो म्हणाला. त्याचा आवाज सहानुभूतीचा होता.

"पाण्यात असतं तर मोटर कशाला मागितली असती?" रंगूबाईंनी विचारलं.

कारकुनानं त्यांना एक पत्ता लिहून दिला. नाशिकच्या त्र्यंबक नाक्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भू-रेषा अद्ययावतीकरण कक्ष आहे. जिल्ह्यातले ओढे, विहिरी, रस्ते आणि बांध नकाशावर आपापल्या जागी आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी तो स्थापन झाला. रंगूबाईंनी तिथे अर्ज दिला. अर्जाचा विषय कक्षातल्या लिपिकानंच सांगितला: विहीर ओढ्यात असल्याबाबत.

अर्ज मंजुषा बोरस्ते हिच्या टेबलावर आला. मंजुषा मूळची निफाडची, संगणकशास्त्र शिकलेली आणि कक्षात कंत्राटी. कंत्राटी माणसाला प्रत्यक्ष जागेवर जाऊ नये असं कोणी सांगितलेलं नसल्यामुळे ती दुसऱ्याच दिवशी स्कूटरवरून मखमलाबादला गेली. हातातलं यंत्र घेऊन ती ओढ्याच्या काठानं चालली, विहिरीपाशी थांबली, रंगूबाईंच्या घरी चहा प्यायली आणि परत आली. तिला चूक सापडली होती. नकाशावर ओढ्याची रेषा म्हणजे बिंदूंची माळ असते. रेषा काढणाऱ्यानं कधीतरी ओढ्याचं एक वळण आळसानं सरळ ओढलं होतं. माळेतले नऊ बिंदू जागेवर आणले की ओढा ओढ्यात जाणार होता आणि विहीर कोरडी होणार होती, म्हणजे नकाशापुरती.

अडचण एवढीच होती की कक्षातलं जुनं सॉफ्टवेअर परवाना संपल्यामुळे बंद पडलं होतं. मंजुषानं टिप्पणी लिहिली: नकाशाची फाइल वाचून त्यातल्या रेषा सरकवण्यासाठी एक लायब्ररी वापरण्यास परवानगी मिळावी. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या बोलण्यात लायब्ररी म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रामांचा संच. फाइल वाचणं, रेषा सरकवणं, क्षेत्रफळ काढणं ही कामं त्यात तयार मिळतात. तिनं सुचवलेली लायब्ररी जगभर वापरली जात होती आणि फुकट होती.

उपसंचालक शेखर निरगुडे यांनी टिप्पणी दोनदा वाचली. निरगुडे मृदू स्वभावाचे गृहस्थ होते. बावीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या एकट्याच्या सहीनं काहीही घडलेलं नव्हतं.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"चाळीस मिनिटं, सर."

"मी निवडीचं विचारतोय."

"निवड केलीये की सर. तीच लायब्ररी सगळे वापरतात."

"सगळे वापरतात म्हणून आपणही वापरली, असं उद्या लेखापरीक्षणात सांगणार का?" निरगुडे म्हणाले. "नऊ बिंदू सरकवायचे हा तांत्रिक विषय झाला. कशानं सरकवायचे हा धोरणाचा विषय आहे. समिती लागेल."

समिती सात जणांची झाली. अध्यक्ष निरगुडे, सदस्य-सचिव मंजुषा, लेखाधिकारी धोंडीराम सानप आणि इतर शाखांचे तिघे, ज्यांना त्या दिवशी नाही म्हणायला जमलं नाही. सातव्या सदस्य लताबाई कुलथे. लताबाई तळमजल्यावरच्या कर्मचारी ग्रंथालयाच्या ग्रंथपाल होत्या. आदेश टंकणाऱ्यानं विषयात 'लायब्ररीची निवड' असं वाचलं आणि संबंधित विभागाचा प्रतिनिधी घ्यावा या नियमाप्रमाणे त्यांचं नाव घातलं. चूक पहिल्याच बैठकीत लक्षात आली. पण आदेश रद्द करायला दुसरा आदेश लागला असता, म्हणून लताबाईंना राहू देण्यात आलं.

पहिल्या बैठकीत मंजुषानं सगळं समजावून सांगितलं. तिचं झाल्यावर लताबाईंनी चष्मा पुसला.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पुस्तक घेताना आम्ही आधी विचारतो, वाचणारं कोण आहे. इथे वाचणारं कोण आहे?"

"रंगूबाई विधाते," मंजुषा म्हणाली. "त्यांचे गुलाब वाळताहेत. शेजारचे देवराम गायखे तीन दिवसांआड पाणी देतात, पण त्यांचीही विहीर आता तळाला चाललीये."

"त्या समितीच्या सदस्य नाहीत," निरगुडे म्हणाले आणि बैठक निकषांकडे वळली.

निकष शंभर गुणांचे ठरले. त्यात अचूकतेला दहा गुण होते. तीन दरपत्रकं असणं, पुरवठादाराचा शिक्का असणं आणि पूर्वी एखाद्या शासकीय कार्यालयानं वापरल्याचा दाखला असणं, यांना मिळून सत्तर. मंजुषाच्या लायब्ररीला अचूकतेत दहापैकी दहा मिळाले आणि ती तिथेच थांबली, कारण फुकट वस्तूचं दरपत्रक देणारं कोणी नव्हतं.

"पण तिला किंमतच नाही," मंजुषा म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," सानप म्हणाले. "किंमत नाही तर आम्ही मंजूर काय करायचं?"

तरीही कोणावर अन्याय नको म्हणून लायब्ररीच्या कर्त्याला पत्र पाठवायचं ठरलं. कर्ता एक नव्हता. वेगवेगळ्या देशांतली शंभरेक माणसं आपापल्या फावल्या वेळात ती लिहीत होती. त्यांच्यापैकी एका बाईला ईमेल गेला. त्यात नोंदणी प्रमाणपत्र, गेल्या तीन वर्षांची उलाढाल आणि नाशिकमधल्या सेवा केंद्राचा पत्ता मागितला होता. तिचं उत्तर चार तासांत आलं. ही कोणाच्या मालकीची नाही, तुम्ही बिनधास्त वापरा, काही चुकलं तर कळवा, आपण मिळून दुरुस्त करू, असं तिनं लिहिलं होतं.

निरगुडेंनी 'काही चुकलं तर' या शब्दांखाली लाल रेघ मारली. "चुकण्याची शक्यता त्यांनी लेखी मान्य केली आहे," ते म्हणाले. पुरवठादारानं समाधानकारक प्रतिसाद दिला नाही, अशी नोंद झाली.

एप्रिलमध्ये तीन पुरवठादारांची सादरीकरणं झाली. एक पुण्याचा, एक ठाण्याचा आणि एक सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला. तिघांच्या लायब्ररींना तीन नावं, तीन रंग आणि तीन बोधचिन्हं होती. तिघांनी आपली लायब्ररी स्वतः घडवल्याचं सांगितलं. मंजुषानं तिघांनाही मुद्दाम एक बिघडलेली फाइल उघडायला दिली. तिघांच्या पडद्यावर एकच इंग्रजी वाक्य आलं, आणि त्यातली स्पेलिंगची चूकही एकच होती. ते वाक्य मंजुषाच्या ओळखीचं होतं. कॉलेजात तिनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं.

"सर, तिघांच्या आत तीच फुकटची लायब्ररी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे कव्हर वेगळी, आतली पानं तीच," लताबाई म्हणाल्या. "आमच्याकडे असे प्रकाशक येतात."

निरगुडे विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. इतिवृत्तात लिहिलं गेलं की तिन्ही पुरवठादारांचे निष्कर्ष परस्परांशी तंतोतंत जुळत असल्यामुळे त्यांची विश्वासार्हता सिद्ध होते.

पुढची पायरी प्रात्यक्षिकाची. लासलगावचं कांदा मार्केट नकाशावर दाखवायचं होतं. ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे चूक लगेच कळेल, असा विचार होता. सिन्नरच्या माणसानं बटण दाबलं. मार्केटचा आकार छान उमटला. लिलावाचे ओटे, ट्रॅक्टरच्या रांगेची जागा, रेल्वेचा माल चढवण्याचा फलाट, सगळं जिथल्या तिथे होतं. भोवती मात्र सगळीकडे निळं होतं.

"हे काय?" सानपांनी विचारलं.

"समुद्र," मंजुषा म्हणाली. "नॉर्वेच्या वरचा. यांच्या प्रोग्रामनं अक्षांशाच्या जागी रेखांश घेतला आणि रेखांशाच्या जागी अक्षांश. मार्केट तिकडे गेलं."

"दोन्ही पद्धती जगात चालतात," सिन्नरचा माणूस शांतपणे म्हणाला. "आमची दुसरी आहे."

समितीत थोडी कुजबुज झाली. एका सदस्यानं विचारलं की इतर काही दोष आहे का. इतर दोष नव्हता. स्थान वगळता नकाशा समाधानकारक, असा शेरा पडला आणि त्याला अचूकतेत दहापैकी नऊ गुण मिळाले.

मे उजाडला. तिन्ही पुरवठादारांचे गुण सारखे झाले होते. कोणा एकाला निवडावं तर उरलेले दोघे तक्रार करतील, ही भीती होती. निरगुडेंनी दोन दिवस रजा घेतली आणि परत आले ते तोडगा घेऊनच. नकाशात तीनच प्रकारच्या गोष्टी असतात, हे मंजुषानंच पहिल्या बैठकीत सांगितलं होतं. विहिरी, खांब वगैरे बिंदू असतात. ओढे, रस्ते या रेषा असतात. शेतं, प्लॉट हे बंदिस्त आकार. बिंदू पुण्याला, रेषा ठाण्याला आणि आकार सिन्नरला, अशी वाटणी करून त्यांनी प्रश्न सोडवला. सभागृहात टाळ्या वाजल्या. मंजुषानं वाजवल्या नाहीत आणि लताबाई तेव्हा नेमक्या काहीतरी शोधत टेबलाखाली वाकल्या होत्या.

रंगूबाईंच्या विहिरीचा प्रश्न आता अधिक शिस्तीत आला. विहीर हा बिंदू असल्यामुळे ती पुण्याकडे होती आणि ओढा ही रेषा असल्यामुळे तो ठाण्याकडे. पुण्यानं लेखी कळवलं की विहीर आपल्या जागी बरोबर आहे, ओढा सरकवावा. ठाण्यानं कळवलं की ओढा मंजूर नकाशाप्रमाणे आहे, विहीर सरकवावी. संयुक्त बैठक झाली. तिच्यात सिन्नरनंही मत मांडलं की शेताचा आकार तूर्त नॉर्वेकडे असल्यामुळे त्यांना या वादात पडायचं नाही.

बैठकीनंतर रंगूबाईंना नोंदणीकृत पत्र गेलं. विहीर नकाशातील ओढ्याबाहेर, आपल्या खर्चाने, तीस दिवसांत हलविण्यास आपली हरकत असल्यास कळवावे.

त्या पत्र घेऊन कक्षात आल्या. उन्हातून चालत आल्यानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. निरगुडेंनी त्यांना खुर्ची दिली आणि पाणीही दिलं.

"साहेब, विहीर कशी हलवायची ते सांगा," रंगूबाई म्हणाल्या. "तिला पाय नाय. माझ्या सासऱ्यांनी खणली तेव्हापासून ती तिथंच हाय."

"आजी, हरकत असेल तर नोंदवा. तुमचा हक्क आहे तो."

"नकाशा चुकला हे तुमाला मान्य हाय ना?"

"तत्त्वतः मान्य आहे."

"मंग खोडरबर नाय का तुमच्याकडं?"

निरगुडे मंद हसले. खोडरबराची निवड अंतिम टप्प्यात आहे, असं सांगावं अशी इच्छा त्यांना झाली असावी, पण ते म्हणाले नाहीत.

मंजुषा रंगूबाईंना जिन्यापर्यंत सोडायला गेली. "गुलाब कसे आहेत?" तिनं विचारलं.

"वरचे दोन वाफे गेले. खालचे अजून हिरवे हायेत. देवरामभाऊ परवापासून नाय म्हणाला पाण्याला. त्याचं बी बरोबर हाय, त्याची टोमॅटोची लावण हाय." रंगूबाई पदरानं मान पुसत म्हणाल्या. "तू आली होतीस तेव्हा मला वाटलं, आता झालं काम. तू पोर हुशार दिसली."

मंजुषाला ते शब्द लागले. हुशार दिसण्यापलीकडे तिनं तीन महिन्यांत काही केलं नव्हतं. खरं तर काम पहिल्याच आठवड्यात झालं होतं. तिनं स्वतःच्या लॅपटॉपवर, त्याच फुकटच्या लायब्ररीनं, नऊ बिंदू सरकवून नकाशा तयार केला होता. चाळीस म्हणाली होती, पस्तीस मिनिटं लागली. छापील प्रत तिच्या पिशवीत होती. प्रतीवर शिक्का नव्हता, म्हणून ती पिशवीतच राहिली होती.

"मावशी, जरा खाली बसू," ती म्हणाली आणि त्यांना ग्रंथालयात घेऊन गेली.

लताबाईंनी नकाशा टेबलावर पसरला. रंगूबाईंनी बोटानं ओढा शोधला, वळण शोधलं, मग गुलाबाचा पट्टा आणि विहीर. "हे बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "हितं जांभळाचं झाड हाय, ते तेवढं राह्यलं."

"वाचता येतंय त्यांना," लताबाई म्हणाल्या. मग त्यांनी कपाटातून नोंदवही काढली आणि नकाशा ग्रंथालयात रीतसर दाखल केला. दाखल क्रमांक ४४१८. कर्ता, मंजुषा बोरस्ते. त्यांनी तो क्रमांक नकाशाच्या कोपऱ्यात लिहिला आणि त्यावर ग्रंथालयाचा गोल शिक्का मारला. शिक्क्याच्या कडेनं कक्षाचं पूर्ण नाव ठळक होतं. मधला 'ग्रंथालय' हा शब्द वीस वर्षांच्या वापरानं झिजून गेला होता.

"मॅडम, यात तुम्ही अडचणीत याल," मंजुषा म्हणाली.

"कसली अडचण? आमच्याकडे नकाशे दाखल होतात. वाचकाला घरी नेता येतात." लताबाईंनी रंगूबाईंचं नाव कार्डावर लिहिलं. "चौदा दिवसांत परत करा. आणि तिथे कोणी काही विचारलं तर खरं तेच सांगा, की लायब्ररीतून आणलाय."

वीज कार्यालयातल्या कारकुनानं नकाशा हातात घेतला. गोल शिक्का पाहिला, क्रमांक पाहिला.

"समितीची लायब्ररी ठरली वाटतं," तो म्हणाला.

"लायब्ररीतूनच आणलाय," रंगूबाई म्हणाल्या.

जोडणी नवव्या दिवशी मिळाली. खालचे चार वाफे वाचले. तेराव्या दिवशी रंगूबाई नकाशा परत करायला आल्या आणि सोबत परडीभर गुलाब घेऊन आल्या. लताबाईंनी विलंब शुल्क नाही, असं कार्डावर लिहिलं. मंजुषानं एक गुलाब संगणकाशेजारी पाण्याच्या बाटलीत ठेवला.

ही कथा इथे संपायला हरकत नव्हती. पण कक्षाच्या दप्तरी अर्ज निकाली निघाल्याची नोंद झाली, आणि तो कशामुळे निघाला याची चौकशी कोणी केली नाही. त्रिपुरवठादार पद्धतीचं पहिलं यश, असा अहवाल वर गेला. वरून शाबासकी आली आणि सगळा जिल्हा याच पद्धतीनं करण्याचा आदेशही आला.

जिल्ह्याची फाइल फार जड निघाली. उघडायला अकरा मिनिटं लागत. निरगुडेंना ठाण्याच्या लायब्ररीत 'सुलभीकरण' नावाचं बटण दाखवण्यात आलं. रेषेतले बिंदू कमी केले की फाइल हलकी होते. किती कमी करायचे हे खाली आकड्यात द्यायचं असतं. आकडा समितीनं ठरवला आणि तो गोल असावा यावर एकमत झालं. बटण दाबल्यावर फाइल दोन सेकंदांत उघडली. जिल्ह्यातले सगळे ओढे सरळ झाले होते. देवळ्याच्या एका ओढ्याला पूर्वी चाळीस वळणं होती, आता एकही नव्हतं. तो शाळा, दवाखाना आणि एक मंगल कार्यालय यांच्यामधून थेट निघून गेला होता. नाशिक शहरात तर नाल्यांनी कित्येक वसाहती आरपार कापल्या होत्या.

मंजुषानं पहिल्यांदाच लेखी विरोध नोंदवला. हजारो घरं नकाशावर पाण्यात जातील, उद्या त्यांना बांधकाम परवाना, कर्ज, वीज काहीही मिळणार नाही, असं तिनं लिहिलं.

"हे तुम्ही म्हणता," निरगुडे म्हणाले. "लोक म्हणू देत. आपण हरकती मागवू. पंधरा दिवस."

नोटीस प्रसिद्ध झाली. सोबत नकाशाचा दुवा दिला होता, त्यावर आपलं घर पाहायला अर्धं मिनिट लागत असे. हरकती घ्यायला मंजुषाला टेबल, खुर्ची आणि दोनशे पानांचं रजिस्टर देण्यात आलं. तिनं स्वतःहून तो दुवा सोसायटीच्या, कॉलेजच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळीकडून जोडलेले हात आले, दोन ठिकाणी वाढदिवसाचा केकही आला. लताबाईंनी नोटिशीची प्रत ग्रंथालयाच्या दारावर लावली. आठव्या दिवशी टेबलापाशी एक गृहस्थ आले. मंजुषा उठून उभी राहिली. त्यांनी विचारलं की आधार केंद्र कुठल्या मजल्यावर आहे.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी निरगुडेंनी कोऱ्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर सही केली. त्यांच्या एकट्याच्या सहीनं घडलेली ही पहिली गोष्ट. एकही हरकत न आल्यामुळे नकाशा अचूक असल्याचं जाहीर झालं. त्याच महिन्यात ही पद्धत राज्यभर लागू झाली, तेच बटण, तोच गोल आकडा. हरकतींची नोटीस मग जिल्ह्याजिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत आली. तुमच्याकडे येतं त्यातही आली होती, आतल्या पानावर, राशिभविष्याच्या बरोबर खाली.

राशिभविष्य तुम्ही वाचलं होतं.